दार लोटून बडवलेल्या गाद्या

आमच्या ह्यांना अख्खी शाळा 'टापटीप' म्हणते. शिपाई म्हणून लागल्यापासून एकच खूळ: धुरळा उडाल्याशिवाय सफाई झाली असं मानायचंच नाही. ओलं फडकं म्हणजे आळशांचं काम! धाकटे भावजी त्याच शाळेत शिपाई, आणि त्याच गुरूचे चेले.

सुट्टी संपत आली तशी खेळाच्या खोलीची पाळी आली. दोन महिने बंद. गाद्यांवर उंदरांच्या लेंड्या, मुताचे डाग. माझी भाची नर्स आहे. तिने बजावलं, "काका, दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेर थांबा. मग जंतुनाशकाचं पाणी मारा, भिजू द्या, हातमोजे घालून पुसा. झाडू नका लावू. सुकलेली घाण उडून श्वासातून आत जाते, आणि त्यातला विषाणू फुप्फुसं धरतो."

"मला कुठे उंदीर चावलाय?" म्हणत हे गेले. शेजारच्या वर्गात धूळ नको म्हणून दार लोटलं आणि गाद्या काठीने बडवल्या. काय ती अक्कल!

दोन आठवडे काहीच नाही. भाची दिसली की हे छाती काढून, "बघ, ठणठणीत!" तिसऱ्या आठवड्यात ताप आला, मांड्या-कंबर ठणकू लागली. पाचव्या दिवशी दोन पायऱ्या चढून मट्‌कन खाली बसले. "श्वास पुरत नाही गं." मी रिक्षा बोलावून दवाखाना गाठला.

हे अतिदक्षता विभागात, आणि भावजी दवाखान्याकडे फिरकेनात. आम्हाला लागेल म्हणे! हा आजार उंदरांच्या घाणीतून येतो, माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगून पाहिलं. भावजींनी ऐकून घेतलं आणि ह्यांचं ताट उचलून उकिरड्यावर टाकलं. सख्खा भाऊ हो!

काल ह्यांचा ऑक्सिजन कमी केला. आज मी सहज म्हटलं, खेळाच्या खोलीची उरलेली सफाई शाळेने भावजींना सांगितलीये. ह्यांनी माझं मनगट गच्च धरलं. "छोट्याला सांग... आधी पाणी मार. झाडू नको." जन्मभर ओल्या फडक्याला नावं ठेवणारा माणूस! भावजी फोन उचलेनात. मी तशीच शाळेत धावले.

खोलीचं दार लोटलेलं. आतून धपाधप आवाज येत होता.

मी लाथेने दार उघडलं. भावजी धुळीने डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, हातात काठी. मला पाहताच नाकावर हात धरून चार पावलं मागे सरले.

"लांब राहा वहिनी! तुम्ही दादाजवळून आलात."