गालाजवळचा उजेड

दूध उतू जायच्या बेतात होतं, सासूबाई गॅलरीत मटार सोलत होत्या आणि आधी अंघोळ कुणाची यावरून बापलेकीची जुंपली होती. तेवढ्यात दार वाजलं. मी आधी गॅस बंद केला, मग कपाळाला आठी घातली. दारात तळमजल्यावरचे फोटोवाले काका.

"सूनबाई, तुमच्या गॅलरीतलं ऊन जरा वापरू का? आमच्याकडे ते फिरकत नाही."

साखर मागतात, शिडी मागतात. ऊन मागणारा शेजारी मी पहिल्यांदाच पाहिला.

कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान आता बंद असतं, पण गल्लीतल्या निम्म्या ओळखपत्रांवरचे चेहरे त्यांनीच काढलेले. त्यांच्याबद्दल तक्रार एकच: हा माणूस कुणाला गोरं करत नाही. बाकीचे फोटोवाले चेहरा उजळून देत. काका आहे तसा हातात ठेवत आणि वर म्हणत, "भांडण घरच्या आरशाशी करा."

त्यांनी कातडी पाकिटातून तळहाताएवढं यंत्र काढलं. वर अर्ध्या चेंडूसारखी पांढरी घुमटी, खाली आकडे आणि काटा. उजेड मोजायचा मीटर.

"सेलवर चालतो?"

"छे. उजेडावर जगतो आणि उजेडच मोजतो."

मला राहवेना. घुमटीवर हात ठेवला, काटा आडवा झाला. काढला, उठून बसला. पुन्हा ठेवला.

"पुरे गं, चक्कर येईल त्याला," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी घुमटी उन्हात धरली. "भिंग किती उघडायचं, तो हा आकडा. लहान आकडा म्हणजे जास्त उघडा. स्वच्छ उन्हात सोळा यायलाच हवा. बघा बरं."

काटा अकराशी अडला होता.

"वाटलंच! म्हातारा झालाय. आहे त्याहून कमी उजेड दिसतो याला. याचं ऐकलं तर दुप्पट उजेड आत येईल आणि चेहरा पांढराफटक."

"कुणाचा चेहरा?"

काका चक्क लाजले. "तुमच्या काकूचा."

जगाचे फोटो काढणाऱ्याच्या भिंतीवर बायकोचा एकही फोटो नाही, हे मला कधीपासून खुपत होतं. आज विचारलंच.

"लग्न नवं होतं. दुकानात बसवलं हिला. पांढरे कपडे, मागे पांढरा पडदा आणि शेजारी खुर्चीवर माझे सासरे, हिचे वडील! त्यांच्यादेखत हिच्या चेहऱ्याजवळ जायचा धीर होईना. घुमटी काढून दुरूनच मीटर रोखला. समोर सगळं पांढरं. याला वाटलं, उजेडच उजेड. मी भिंग मिटवलं. कपडे करडे निघाले, चेहरा कोळसा."

"मग?"

"मग काय! 'जगाला आहे तसं, आणि मलाच काजळी?' तेव्हापासून कॅमेरा दिसला की उठून जाते. काल आपण होऊन म्हणाली, 'काढा उद्या. एकदाच. बिघडला तर पुन्हा विषय नको.'"

"मग राहू दे की मीटर म्हातारा," सासूबाई शेंग मोडत म्हणाल्या. "जरा गोरी निघेल, खूश होईल."

"वहिनी, खूश होईल हो. पण तो फोटो तिचा नसेल."

सासूबाईंनी मीटर मागून घेतला आणि हळूच स्वतःच्या गालाशी धरून पाहिला.

"पण आता कळलं ना, किती कमी दाखवतो ते?" मी म्हणाले. "तेवढं भिंग मिटवा, झालं."

"यंत्राचं झालं. हिचं राहिलं. काल संध्याकाळी तालीम केली. मीटर घेऊन मी गालाजवळ गेलो की ओठ आवळते, मान ताठ करते. वडील अजून शेजारच्या खुर्चीवर असल्यासारखी."

ते मीटरच्या पाकिटाचं बटण लावत उघडत उभे राहिले.

"सूनबाई, दुपारी घटकाभर खाली याल? तिच्या गालाजवळ मीटर तेवढा तुम्ही धरा, आणि आकडा मला सांगा."