पेटीतला हात

रविवारी दुपारी टीव्हीवर तो जुना भुताचा विनोदी सिनेमा लागला, की आई हातातलं काम टाकून दिवाणावर येऊन बसायची. सगळे विनोद तिला पाठ होते, त्यामुळे ती आधीच हसायला लागायची. भूत मात्र तिला दर वेळी नवं असायचं. पेटीतून हात बाहेर आला की ती चटकन पाय वर घ्यायची, कारण खाली टेकून बसलेले बाबा नेमके तेव्हाच तिचा घोटा धरायचे. “अहो, पुरे आता,” ती ओरडायची.

घाबरायलाही आपलं माणूस जवळ लागतं. असे सिनेमे म्हणूनच शिळे होत नसावेत.

बाबा गेल्यानंतर काल तो पहिल्यांदाच लागला. पेटीतून हात बाहेर आला. आईने पाय खालीच ठेवले.