शुक्रवारची स्वप्नं

मला स्वप्नं शुक्रवारी पहाटे पडतात, असं मी भर सभेत सांगितलं होतं. वर त्याचं कारणही सांगितलं होतं, अगदी ठासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझी कानशिलं तापतात.

आमचं घर भिवंडीत अशा गल्लीत आहे की तिन्ही बाजूंना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि चौथ्या बाजूला रस्ता. रस्त्यापलीकडे पुन्हा लूमच. लग्न करून आले तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस मी झोपलेच नाही. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची, ताटलीतला चमचा आपला आपण सरकायचा. मग सवय झाली. इतकी झाली की आवाज थांबला तरच जाग यायला लागली. इथली तान्ही बाळंसुद्धा खटखट चालू असेपर्यंत गाढ झोपतात आणि वीज गेली की भोकाड पसरतात.

लूमला सुट्टी शुक्रवारी. त्या पहाटे सगळी गल्ली गप्प असते. मी धड झोपेत नाही, धड जागी नाही, अशी पडून असायचे आणि नेमकी तेव्हाच मला ती दिसायची. ती म्हणजे एक बाई. चेहरा कधी दिसला नाही. कधी ती ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात उतरत असायची, कधी तिचे केस लूमच्या पट्ट्यात गुंतलेले असायचे, कधी पेटलेल्या पदरानं ती सगळ्या घरातून शांतपणे फिरत असायची. जाग आली की बाकीची कामं बाजूला ठेवून मी ते सगळं आधी फोनमध्ये टिपून घ्यायचे. शनिवार-रविवारी त्याची कथा व्हायची. माझ्या पहिल्या संग्रहातल्या निम्म्याहून जास्त कथा अशाच झालेल्या आहेत. नोकरी शाळेत शिकवण्याची, पण कुणी विचारलं तर मी आधी ‘लिहिते’ असं सांगायला लागले होते ते या कथांच्या जोरावर.

शुक्रवारच का, याचं उत्तर मी स्वतःच तयार केलं होतं. आठवडाभर आवाजाखाली दबलेलं मन शांतता मिळाली की बोलू लागतं, वगैरे. मला ते इतकं आवडलं होतं की तपासून बघावं असं कधी मनातही आलं नाही.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा मानकोलीला एका गोदामात सुपरवायझर, त्याची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. सासूबाई इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. शेती गेली, तिथे गोदामं आली, त्यांच्या अंगावरचं नऊवारी लुगडं आणि केसातला गजरा मात्र तसाच राहिला. बोलणं कमी. माझ्याशी तर फारच कमी, आणि जे बोलायच्या ते बहुतेक वेळा हुकूम असायचा.

“आज केस मोकले नको ठेवू. बांध.”

“खाडीच्या वाटेनं नको जाऊ आज.”

“गॅसकडं मी बघतंय. तू हो बाजूला.”

कारण विचारलं तर “सांगतंय ना” एवढंच. मी आतल्या आत धुमसायचे. शिकलेली सून, पगार आणणारी, आणि हिनं मला केस कसे बांधायचे ते सांगावं? नवऱ्याकडे तक्रार केली तर तो हसून म्हणायचा, “आईचं असंच हाय. सोड ना.” मी सोडत नव्हते. माझ्या मैत्रिणींमध्ये सासूबाईंच्या फर्मानांचे किस्से चांगले रंगायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं, थोडाच वेळ. त्या वेळात गल्लीतलं कुणी नळ बंद करत नाही. हंडा भरला की कळशी, कळशी भरली की पिंप, धार तुटू द्यायची नाही. पाणी सासूबाईच भरायच्या आणि भरता भरता पुटपुटायच्या. देवाचं काहीतरी म्हणत असतील, असं मी धरून चालले होते. मोरी आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये अर्ध्या विटेची भिंत आहे. माझी उशी त्या भिंतीला लागून.

वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही.

आमच्या भागातल्या एका वाचनालयानं रविवारी दुपारी माझा कार्यक्रम ठेवला. नवरा ड्युटीवर, म्हणून सासूबाईंना सोबत नेलं. खरं सांगायचं तर मिरवायलाच नेलं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, माझं लिहिलेलं त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं आणि मीही कधी वाचून दाखवलं नव्हतं. म्हटलं, सून काय करते ते एकदा बघू देत. त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या, ताजा गजरा माळला आणि पहिल्या रांगेत बसल्या.

आधी मी शुक्रवारचं माझं ते तत्त्वज्ञान सांगितलं. मग कथा वाचली, खाडीची. ती बाई हंडा घेऊन चिखलात उतरते. घोटे बुडतात, गुडघे बुडतात, ती ओरडत नाही. कमरेपर्यंत रुतल्यावर ती केसातला गजरा काढून चिखलावर अलगद ठेवते, का तर निदान तो तरी बुडू नये. इथे मी नेहमी थोडी थांबते. थांबून वर पाहिलं तर सासूबाईंच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरलेली होती.

मला वाटलं, कथा लागली. मी खूश झाले.

नंतर एकानं विचारलं, “तुमच्या कथांतली ही बाई कोण? तिला नाव का नाही?” मी म्हटलं, ती कुणीही असू शकते, म्हणून तिला नाव नाही. पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता दारातच उभ्या राहिल्या.

“ह्यं तुला कोनी सांगतलं?”

“काय, आई?”

“खाडीचं. चिखलाचं. ह्यं माजं सपान हाय.”

मी हसले. त्या हसत नव्हत्या.

“वाईट सपान मान्साला सांगायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “सांगतलं तं खरं व्हतं. चालत्या पान्याला सांगायचं, पानी घेऊन जातं. मी पान्याला सांगतलेलं. तू कवा ऐकलंस?”

एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. भिंत, उशी, पहाटेचं पाणी. इतर दिवशी लूमच्या खटखटीत त्यांचं पुटपुटणं बुडून जायचं. शुक्रवारी नाही. शुक्रवारी झोपेतल्या माझ्या कानात त्या एक एक वाक्य ओतत होत्या आणि मी जागी होऊन म्हणत होते, वा, काय स्वप्न पडलं! मी घाबरत घाबरत लूमच्या पट्ट्याची कथा सांगितली. त्यांनी मान हलवली. जळत्या पदराची सांगितली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“सगलं माजंच,” त्या म्हणाल्या. “किती जनांना सांगतलंस गो?”

पुस्तक छापलं होतं.

ते चार-पाच दिवस फार वाईट गेले. मला माझी पडली होती. दुसरा संग्रह होत आला होता आणि त्यातलं काय माझं, काय नाही, मला सांगता येईना. कागद समोर घेतला की वाटायचं, आपण लेखक नाहीच, भिंतीला कान लावून बसलेली बाई आहोत. आणि सासूबाईंना त्या दुसऱ्याच बाईची पडली होती, स्वप्नातल्या. त्या जेवेनात. पानी घेऊन गेलं होतं ते हिनं परत आणलं, असं त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. सपनातल्या बाईचं आता काय व्हईल ते मना ठाव न्हाय, म्हणाल्या. कोण बाई, ते त्यानं विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. तोही या वेळी हसला नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनीच तोड काढली. “उद्या पानी येल तवा माज्यासंगं ऊठ. तुज्या तोंडानं लोकांना सांगतलंस, आता तुज्या तोंडानं पान्याला सांग. सगलं. एक पन नको सोडू.”

एरवी मी वाद घातला असता. मी उठले.

शुक्रवारी गल्ली गप्प होती. नळ खळखळला, धार लागली, सासूबाईंनी हंडा खाली सरकवला आणि मला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं. शाळेत मी पन्नास पोरांसमोर बोलते, पण नळासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली. “बोल,” त्या म्हणाल्या. मी बोलायला लागले. पट्टा सांगितला, पदर सांगितला, माझ्या पुस्तकातल्या एकेका बाईला त्या धारेखाली धरलं. खाडीवर आले. गुडघे, कंबर, आणि मग तिनं गजरा काढून चिखलावर ठेवला.

“गजरा न्हवता,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“माज्या सपनान गजरा न्हवता. त्यो तू घातलंस.”

ज्या गजऱ्यावर लोक हळहळतात, तो माझा होता. पट्ट्याच्या कथेत शेवटी ती हसते, तेही त्यांच्या स्वप्नात नव्हतं, हे त्यांनी त्याच सपाट आवाजात सांगितलं. आनंद व्हावा अशी ती वेळ नव्हती, पण मला झाला, इतका की लाज वाटली. माझं काहीतरी होतं. थोडं का होईना, होतं.

त्या आनंदातच मी विचारून गेले, “आई, पण ती बाई कोण? तुम्ही नुसतं ती म्हणता. नाव कधीच घेत नाही.”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग धारेकडे. हंडा अर्धाच भरला होता. त्यांनी हात पुढे केला आणि नळ बंद केला. इतक्या वर्षांत, पाणी चालू असताना त्यांनी नळ बंद केलेला मी कधी पाहिला नव्हता. गल्लीतल्या कुणी केलेला पाहिला नव्हता.

“पान्याच्या कानावर नाव न्हाय घालायचं,” त्या म्हणाल्या. “नाव घातलं तं पानी त्या मान्सालाच घेऊन जातं.”

मोरीत एकदम शांत झालं. बाहेर लूमही बंद.

“तू गो,” त्या म्हणाल्या. “दुसरी कोन हाय माज्या घरान?”

केस बांध. खाडीच्या वाटेनं जाऊ नको. गॅसकडं मी बघतंय. प्रत्येक फर्मान कुठल्या स्वप्नानंतरचं होतं ते मला आता तारखेशिवाय सांगता येत होतं, कारण त्या प्रत्येकाची मी कथा लिहिली होती. माझ्याच मरणाच्या इतक्या कथा मी लिहिल्या, वाचून दाखवल्या, त्यावर टाळ्या घेतल्या, आणि एकदाही मला त्या बाईत मी दिसले नाही. भिंतीपलीकडे ही बाई दर वेळी अंधारात उठून मला वाचवत होती. आणि मी तिचे किस्से मैत्रिणींना सांगत होते. मला रडू फुटलं. रडत रडत मी दोन्ही हातांनी केस गोळा केले आणि घट्ट अंबाडा घातला, का ते मला त्या क्षणी कळलंही नाही.

सासूबाईंनी नळ पुन्हा सोडला. नळातून नुसती हवा आली. पाणी गेलं होतं.

त्या दिवशी आमच्या घरात अर्धा हंडा पाणी होतं. नवरा ड्युटीवरून आला, रिकामं पिंप बघून त्यानं विचारलं, “आज पानी न्हाय आलं?”

“आलेलं,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्या अर्ध्या हंड्यातला पहिला तांब्या त्यांनी माझ्यासमोर ठेवला.