ओनुईची थरथरलेली रेघ

एदो शहरातल्या रंगमंचावर तीस वर्षं मी बायकांची सोंगं वठवली. किती वेळा मेलो, मोजदाद नाही; दर वेळी प्रेक्षक रडले. खरं मरण मात्र पाहिलं ते भिंतीपलीकडच्या तोमेकिचीचं, आणि तेव्हा तो जिवंत होता.

छापील चित्रांवरच्या कविता तो चेरीच्या लाकडाच्या फळ्यांवर कोरायचा. त्याची एकुलती लेक ओनुई सतराव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेली. मागे एकच कागद राहिला, तिच्या हातचा:

चेरीची फळी
बाबांच्या मांडीशी
आत फुलं असतील?

शेवटच्या अक्षराची शेपटी थरथरली होती. लिहिताना तिला खोकला आला होता.

तिच्या कविमंडळानं नववर्षाला ती कविता चित्रासह छापायचं ठरवलं. कोरायचं म्हणजे लिहिलेला कागद फळीवर पालथा चिकटवायचा, बोटानं चोळून पातळ करायचा आणि त्याच्यासकट लाकूड कापत जायचं. कागद उरत नाही.

"नक्कल करवून घे. ती चिकटव," मी म्हटलं.

"नकला तुमच्या नाटकात चालतात, बाईसाहेब," माझ्या सोंगांवरून तो मला असंच म्हणायचा. "दुसऱ्याचा हात दाखवून म्हणू, ही माझी पोर?"

"मग छापूच नकोस."

"एक कागद उंदीर खाईल. दोनशे प्रती दोनशे घरांत राहतील. थरथरीसकट."

चार दिवस त्याच्या सुरीची खरखर ऐकू येत होती. पाचव्या दिवशी थांबली, म्हणून मी गेलो. तो ओल्या फडक्यानं फळी पुसत होता.

"शेपटी बघा, बाईसाहेब."

शेपटी सरळ होती. रेशमाच्या दोऱ्यासारखी.

"चाळीस वर्षं कवींच्या वाकड्या रेघा सुधारत आलो," तो म्हणाला. "हाताला कळलंच नाही, ही कुणाची ते."

"तेवढं लाकूड काढून नवा तुकडा बसव, पुन्हा कोर. तुला आठवत असेल की."

"आठवून कोरली तर ती माझी थरथर होईल."

नववर्षाला चित्र छापून आलं: चेरीची फांदी, तिच्यावर पाखरू, बाजूला कविता. मंडळाचे गुरुजी कौतुकानं म्हणाले, "पोरीचा हात किती निरोगी होता." तोमेकिचीनं मान लववली.

नंतर त्यानं अक्षर कोरलं नाही. इतरांच्या फळ्यांमधली रिकामी जागा खरवडायचं शिकाऊंचं काम तो मागून घ्यायचा. तिसऱ्या हिवाळ्यात गेला. त्याच्या शवपेटीत ठेवायला मी त्या चित्राची माझी प्रत नेली होती. ती सरळ शेपटी बघत झाकण लागेपर्यंत हातात धरून उभा राहिलो, मग घडी घालून पुन्हा किमोनोच्या बाहीत टाकली.