बरणीतला अमेरिकन रिठा

अहिल्याकाकूंच्या बरण्यांवर कधीच चिठ्ठ्या नसायच्या. लोणचं संपलं की बरणी धुवायची, वाळवायची आणि तीत नवीन काहीतरी भरायचं, हा त्यांचा अमेरिकेत, ॲन आर्बरमधला तीस वर्षांचा शिरस्ता. "हाताला कळतं गं," म्हणायच्या. त्यांच्या या ठामपणाचा मला राग यायचा आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

त्यांच्या दारात हॉर्स चेस्टनटचं थोरलं झाड आहे. सप्टेंबर सरत आला की त्याची काटेरी बोंडं उकलतात आणि तपकिरी, चकचकीत बिया फुटपाथभर पडतात. लग्न होऊन आल्या त्या वर्षी काकूंनी सहज एक बी फोडून पाण्यात चोळली, तर फेस आला. झालं! तेव्हापासून गावातल्या समस्त मराठी बायकांच्या पैठण्या काकूंकडे. बिया सोलायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि त्या पांढऱ्या पिठाच्या फेसात रेशीम हलक्या हातानं धुवायचं. याला त्या अमेरिकन रिठा म्हणत. शेजारचे म्हातारबुवा सांधे दुखू नयेत म्हणून एक बी कायम खिशात बाळगायचे. याच जातीच्या दुसऱ्या झाडाला बकआय म्हणतात, पण ते नाव ओहायोवाल्यांचं, फुटबॉलमधल्या आमच्या हाडवैऱ्यांचं, आमच्या मिशिगनमध्ये काढायचं नाही, असा म्हातारबुवांचा दम असे. काकू हसायच्या. पण एखाद्या पोरानं बी तोंडाकडे नेली की कडाडायच्या, "विष आहे ते! टाक आधी!"

दोन हजार सहाचं नवरात्र. माझी चार वर्षांची ऋता दिवसभर काकूंकडे असायची, त्यांना आजी म्हणायची. एका संध्याकाळी लॅबमधून तिला न्यायला गेले, तर काकूंनी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा माझ्यापुढे ठेवला. देवीचा प्रसाद. पहिल्या घासालाच तोंड कडूजहर झालं. प्रसाद थुंकायचा कसा? डोळे मिटून तेवढा एक घास गिळला.

"कडवट झालाय ना?" काकू म्हणाल्या. "पीठ जुनं असेल. नैवेद्याआधी चाखता येत नाही ना गं. आम्ही दोघींनी वाटी वाटी खाल्ला. प्रसाद टाकायचा नसतो, सांगितलं मी ऋताला."

ऋताची रिकामी वाटी विसळायला मी नळाखाली धरली. साबण लावलाच नव्हता, तरी फेस वर आला.

मी वळून ओट्याकडे पाहिलं. तळघरात ओल आली म्हणून काकूंनी रिठ्याची बरणी वर आणून ओव्हनशेजारी ठेवली होती. शिंगाड्याची बरणी तिच्या मागे, तशीच, भरलेली.

"काकू, हे रिठ्याचं पीठ आहे!"

काकूंनी बरणीकडे पाहिलं, मग ऋताकडे.

"ऋता, तू शिरा खाल्लास? सगळा?" मी जवळजवळ किंचाळले. ती घाबरून रडायला लागली आणि तिनं मान हलवली. हो.

गाडी मी कशी चालवली देव जाणे. मागच्या सीटवर काकू ऋताला घट्ट धरून बसल्या होत्या. आरशात बघितलं की पोरीचे डोळे मिटलेले दिसायचे. "झोपू देऊ नका!" मी ओरडायचे. "नाही झोपत, नाही झोपत," काकू पुटपुटत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा हात पोरीवरून झटकून टाकावासा वाटत होता.

इमर्जन्सीत नर्सनं ऋताच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि गोड आवाजात विचारलं, किती खाल्लंस, बाळा? ऋतानं चोरट्या नजरेनं काकूंकडे पाहिलं.

"आय डिडन्ट ईट इट, मम्मा," ती हुंदके देत म्हणाली. "इट वॉज यकी. आजी फोनवर होती ना, आय पुट इट इन हर वाटी. डोन्ट बी मॅड."

मी तिला उचलून छातीशी धरलं. मागून काकूंचा आवाज आला.

"नाही ना खाल्लं तिनं? मग झालं. मला काय धाड भरलीय!"

वळून पाहिलं, तर चेहरा घामानं भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि पाय दुमडून खाली बसल्या. दोन वाट्या पोटात होत्या त्यांच्या.

काकू वाचल्या. पण घरी आल्या त्या वेगळ्याच. आता साखरेच्या डब्यातसुद्धा हात घालताना अडखळतात. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आहे आणि रिठ्याच्या बरणीवर ऋतानं क्रेयॉननं काढलेली लालभडक फुली. ती बरणी त्या चिमट्यानं धरल्यासारखी दोन बोटांनी उचलतात.

पुढच्या नवरात्रात मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शिरा झाला. काकूंनी देवीकडे पाठ केली, चमचाभर शिरा तोंडात घातला आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. ऋता वाटी घेऊन आली, तर तिला हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी श्वास सोडला.

"घे, बाळ," त्या म्हणाल्या. "मग देवीला दाखवू."