सलीमभाईंचे मोर

सलीमभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, नसरीननं केला तेव्हा मी श्रीगोंद्याच्या बाजारात होतो. भाजीची पिशवी तिथंच टाकून निघालो. मातीला अख्खी कॉलनी होती, शेतकरी होते, ऊसतोडीचे मुकादम होते. कारखान्याचं मात्र कुत्रं फिरकलं नाही. कारखान्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना नसली तरी मला लाज आहे.

पूर्वी आमच्या कारखान्यात ऊस छोट्या रेल्वेनं यायचा. इंजिन मी चालवायचो, रंगवायचे सलीमभाई. खंडेनवमी जवळ आली की ते इंजिन ताब्यात घेत, मग साहेबांचीही जवळ जायची टाप नव्हती. काळं अंग, हिरवी केबिन, कडेनं पिवळी रेघ... ती फूटपट्टीशिवाय, श्वास रोखून. केबिनच्या दोन्ही बाजूंना मोर. उसाच्या प्रत्येक डब्यावर वेगळं फूल, म्हणजे वाचता न येणाऱ्या तोडीवाल्यालाही आपला डबा ओळखता यावा. "झेंडूवाला भरला, कमळवाला आना रं!" अशा आरोळ्या फडात चालायच्या. नवमीला नारळ मी फोडायचो, पहिला हार ते घालायचे. एकदा मी चिडवलं, "भाई, नवरीलाबी एवढं नटवत न्हाईत." ब्रश न थांबवता म्हणाले, "नवरी एक दिस नटती, दादा. ह्येला हंगामभर उन्हात ऱ्हायचंय."

पुढं रेल्वे बंद पडली, डबे भंगारात गेले, इंजिन गेटसमोर चौथऱ्यावर बसवलं. निवृत्तीनंतरही भाई दर नवमीला शिडी घेऊन हजर. मागच्या नवमीलासुद्धा खोकत खोकत मोर काढले त्यांनी.

भाईंच्या पत्नी शाहीनभाभी सध्या इद्दतीत आहेत, म्हणजे नवऱ्यामागं काही काळ घराबाहेर पडायचं नाही. मातीच्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, "कबरस्तानात आमी बायका जात न्हाई, भावजी. इद्दत सरली की मला इंजिनापाशी न्या. तितंच बसंन जरा..."

आणि या शहाण्यांनी काय करावं? कुणी पाहुणे येणार म्हणून ठेकेदाराकरवी अख्खं इंजिन निळंशार फवारून टाकलं! मोर गेले, रेघ गेली. मी तरातरा ऑफिसात गेलो, तर मॅनेजर म्हणतो, "काका, फ्रेश दिसतंय की! सेल्फी छान येतात." फ्रेश! तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं आयुष्यभर त्या लोखंडाला जीव लावला, त्याच्या घरी एक शब्द विचारावासा वाटला नाही तुम्हाला?

भाभींना काय तोंड दाखवू, कळेना. शेवटी उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. भाभी पडद्याआड होत्या. वाटलं, रडतील. पण नाही.

"आधी घासलं हुतं का त्यांनी?"

"न्हाई. जुन्यावरच फवारलं."

"तेल, धूळ पुसली?"

"कशाचं!"

"मग धरायचा न्हाई त्यो रंग. बिनघासल्या तेलरंगावर दुसरा बसतच न्हाई. हलक्या हातानं खरवडा, खालचा मोर निघंल," भाभी कडाडल्या. "मेल्यांना साधं घासायचंबी कळंना!"

नसरीननं भाईंची रंग खरवडायची पट्टी आणून माझ्या हातात दिली. मूठ त्यांच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजलेली. माझा अंगठा आपोआप तिथंच बसला...

"तुमी मोर मोकळा करा," पडद्याआडून आवाज आला, "रेघ मी येऊन काढंन."

तर मॅनेजरसाहेब, हा लेख तुम्ही वाचत असाल तेव्हा मी तुमच्या गेटसमोर शिडी लावलेली असेल. अडवून तर बघा.