निशाणी एकेचाळीस

चरडे साहेबांकडे कागद सहीला न्यायचा म्हणजे सोबत सतरंजी घेऊन जा, असं कोर्टातला स्टाफ म्हणायचा. खोटं नव्हतं ते. साधा रजेचा अर्ज असला तरी रुपराव चरडे तो ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून खालच्या तारखेपर्यंत वाचणार आणि मगच पेनाचं टोपण काढणार. स्टेनो धम्मानंद बिचारा दारातच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायचा.

हा माणूस एके काळी आमदार होता, असं सांगितलं की नवे वकील हसायचे. पण होता ना, चांगला पाच वर्षं होता! पारशिवनीकडचा शेतकऱ्याचा पोरगा, वकिलीची सनद नुकती हातात आलेली, एकोणतिसाव्या वर्षी अपक्ष उभा राहिला आणि काय झालं कोण जाणे, निवडून आला. मग काय विचारता! सकाळी दात घासायच्या आधी अंगणात पन्नास माणसं. कोणाला रहिवासाचा दाखला, कोणाला चांगल्या वागणुकीचा, कोणाच्या पोरीची ॲडमिशन. रुपरावभाऊ कोणाच्या तेरवीला गेले की दाखले अडायचे, दाखल्यांना बसले की तेरवी हुकायची आणि माणसं रुसायची. पी.ए. दादाजीनं त्यावर तोड काढली. कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर भाऊंनी खाली सही करून ठेवायची, वरचा मजकूर दादाजी भरेल. जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात, हिवाळी अधिवेशनात मागच्या बाकावर बसून रुपरावांनी सह्या ठोकल्या. पुढच्या निवडणुकीत सपाटून आपटले, तेव्हा कुठे थांबल्या.

मग परत काळा कोट. बेचाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन जिल्हा न्यायाधीश झाले, वाशीम, लातूर, धुळे असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरले आणि शेवटच्या वर्षी विनंती अर्ज करून नागपूर मिळवलं.

निवृत्तीला सव्वा महिना उरला आणि गोपिकाबाईंचं अपील निकालाला आलं. सत्तरीची विधवा बाई. नवरा गेल्यावर चुलतदीर सुशील यानं तिच्या राहत्या घराच्या जागेवर हक्क सांगितला, तिला बाहेर काढलं. सतरा वर्षं ती भांडत होती. खालच्या कोर्टात हरली, कारण सुशीलकडे एका आमदाराचा जुना दाखला होता; निकालात त्याचं नाव नव्हतं, पुराव्यातला कागद म्हणून नुसता 'निशाणी एकेचाळीस' असा उल्लेख होता. प्रत्येक तारखेला ती पारशिवनीहून पहिल्या एसटीनं येई, मागच्या बाकावर भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसे. तिचा वकील आर्यन हात जोडून म्हणाला होता, "साहेब, तुमच्या हातून निकाल लागला तर बाई डोळ्यांनी पाहील. नवे साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून."

सुशीलची मात्र काही घाई नव्हती. तो रुपरावांना कपाळापर्यंत हात नेऊन नमस्कार करायचा. असा नमस्कार न्यायाधीशाला कोणी करत नाही, जुना मतदार करतो. रुपरावांना ते खटकलं होतं, पण काहून खटकलं ते उमगलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चेंबरमध्ये त्यांनी खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड उघडलं. निशाणी एकेचाळीस. पिवळट लेटरहेड, वर ठळक अक्षरात 'रुपरावभाऊ चरडे, विधानसभा सदस्य'. मजकूर असा, की सदर जागेवर सुशील हेच पंधरा वर्षांपासून राहतात, मी त्यांना जातीने ओळखतो. आणि खाली ती सही, 'च'ला लांब शेपूट सोडलेली. अगदी झोकात.

त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. अक्षर दादाजीचं होतं. जातीने काय, सुशीलला त्यांनी तेव्हा बापजन्मात पाहिलं नव्हतं! आणि या एका कागदावर एक बाई सतरा वर्षं घराबाहेर होती.

आता गंमत बघा. कायद्यानं यातून सुटायला दोन ओळी पुरत होत्या. दाखला लिहिणाऱ्याला साक्षीला बोलावलेलं नाही, सबब तो पुरावा धरता येत नाही. बस. गोपिकाबाई जिंकते, भाऊंचं नाव निकालात येत नाही, निवृत्तीच्या सत्काराचा हार गळ्यात पडतो. ते वाक्य त्यांनी मनात चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं.

शनिवारी घरात त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पेपर उघडला, मिटला. बेसिनचा नळ दुरुस्त करायला घेतला आणि होता तोही बिघडवला. शेवटी बायकोनं, प्रेमलताबाईंनी, हातातला पाना काढून घेतला. "काय झालं सांगून टाका. सकाळपासून घरभर फिरून राहिले."

त्यांनी सांगितलं. बाईंनी पाना टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "त्या बाईले जागा भेटते ना? मंग तुमचं काहून मधात आणता? नाही पाहिलं समजा."

"पाहिलं ना वं."

"मंग भोगा," असं म्हणून त्या भाजी चिरायला बसल्या.

रविवारी रुपराव घरात टिकलेच नाहीत. स्वतः गाडी काढली आणि ट्रकांच्या रांगेतून वाट काढत शहराबाहेरच्या वाडीला गेले. दादाजी तिथं एका गोडाऊनवरच्या भाड्याच्या खोलीत मुलाकडे राहायचा. साहेबांना दारात पाहून म्हातारा गहिवरला. त्यांनी सुशीलचं नाव काढताच मात्र डोकं खाजवू लागला.

"आठवत नाही भाऊ. जो येईल त्याले देत होतो. तुमीच म्हणत होते, कोणाले वापस पाठवू नको."

"खरं की खोटं, ते तरी पाहायचं होतं गा!"

"मी पाहू? सही त तुमची होती."

रुपराव जिना उतरून गाडीत येऊन बसले. म्हातारा चूक बोलला नव्हता. आणि आता तर भलतंच झालं होतं, चालू प्रकरणातल्या कागदाची चौकशी न्यायाधीश स्वतः घरोघर जाऊन करत होता. आता दोन ओळी लिहायची सोय राहिली नव्हती.

सोमवारी गोपिकाबाईंच्या नावाचा पुकारा झाला. निकाल म्हणून बाई नवं लुगडं नेसून आली होती. रुपरावांनी भर कोर्टात सांगितलं, "निशाणी एकेचाळीसवरची सही माझी आहे. मजकूर माझा नाही. मी कोऱ्या कागदावर सही करून ठेवत होतो. काल मी तो लिहिणाऱ्याला भेटूनही आलो. हे प्रकरण मला चालवता येणार नाही. लागेल तेव्हा मी साक्ष देईन." हे सगळं त्यांनी रोजनाम्यात लिहवलं, वाचलं आणि सही केली.

सुशीलचा चेहरा पडला. आर्यन उभाच्या उभा राहिला. गोपिकाबाईला आधी काही कळेना. कळलं तशी ती पुढे आली.

"म्हंजे आज निकाल नाही?"

"नाही बाई."

"तुमच्याच कागदानं मले घराभाईर काढलं, आन आता तुमीच म्हणता दुसऱ्याकडे जा? मले तुमचं खरं घेऊन काय करायचं, साहेब? मले माहं घर पायजे होतं!"

पट्टेवाल्यानं तिला हाताला धरून बाहेर नेलं. रुपरावांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. सत्कार त्यांनी नाकारला. निवृत्तीनंतरचे पाच महिने त्यांनी अंगणात येरझाऱ्या घालून काढले. टपालवाल्याची सायकल वाजली की फाटकाशी जाऊन उभे राहत.

अखेर समन्स आलं. नव्या न्यायाधीशबाईंनी त्यांची साक्ष घ्यायचं ठरवलं होतं. अठरा वर्षं, गाव कुठलंही असो, ते डायसच्या मागच्या दारातून कोर्टात आले होते. आज ते व्हरांड्यात थांबले. पट्टेवाल्यानं चाचरत तीनदा पुकारा केला, "रुपराव चरडे, हाजिर हो!" न्यायाधीशबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. ते पिंजऱ्यात उभेच राहिले.

आर्यननं विचारलं, "असे किती कागद दिले?"

"माहीत नाही."

सुशीलचा वकील जितेंद्र उठला. "न वाचता सह्या करायची तुमची सवयच होती म्हणायची. मग न्यायाधीश म्हणून दिलेल्या निकालांचं काय?"

बाईंनी प्रश्न नामंजूर केला, पण लागायचा तो घाव लागून गेला होता. रुपरावांनी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

साक्ष टाइप होऊन आली. पट्टेवाल्यानं पेन पुढे केलं. रुपरावांनी चष्मा चढवला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागले. एक पान झालं. दुसरं सुरू झालं. वकील घड्याळं पाहू लागले. जितेंद्र हसून म्हणाला, "साहेब, तुमचंच बोलणं आहे. करून टाका सही."

मागच्या बाकावरून गोपिकाबाई ताडकन उठली. मांडीवरचं फडकं खाली पडलं.

"वाचू द्या त्याईले," ती म्हणाली. "आता त वाचू द्या."